वैशाखातले उणे ४०

मे महिन्याचा दुसरा आठवडा, सकाळचे सहा. पडवीतल्या तापमापीत पारा २८ वर होता आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर गाडीच्या इंजिनातल्या पाण्याचं तापमान दिसत होतं, उणे ४०. गाडी रात्रभर अंगणात फणसाखाली उभी होती. बॉनेटवर पिकली पानं पडलेली. गाव आचरा, तालुका मालवण. इथे ऐन पौषातही पहाटे एक गोधडी पुरते.

चावी मी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवली होती, इंजिन चालू केलं नव्हतं. तरी रेडिएटरचा पंखा फिरायला लागला. अण्णा पायरीवर चहा घेत बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, ते एस.टी.च्या कणकवलीच्या वर्कशॉपात होते, उभी नोकरी डिझेल इंजिनांच्या आवाजात गेली आणि आता त्यांना फार कमी ऐकू येतं. पंख्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नसणार. ते सवयीने उठून आले, बॉनेटवर तळहात टेकवला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पंखो कित्याक फिरता? इंजिन तर थंड आसा.”

तीन आठवडे आम्ही या गाडीच्या मागे होतो. त्या तीन आठवड्यांत कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

सुरुवात मिठबावला झाली. देवगडहून परत येताना शहाळ्यासाठी थांबलो, दहा मिनिटं फार तर. परत बसलो तर गाडी चालू होईना. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही, आणि पेट्रोलचा उग्र वास. उन्हात अण्णांना बसवून ठेवायची माझी तयारी नव्हती. शेवटी तिथल्या एका रिक्षावाल्या दादाने सांगितलं, “ताई, अॅक्सिलरेटर पुरो दाबा आनि मगे स्टार्टर मारा.” तसं केल्यावर गाडी खोकत खोकत चालू झाली, मागून काळा धूर सोडून. हा उपाय मला तेव्हा गावठी वाटला होता. नंतर कळलं की तो गाडीच्या संगणकातच लिहून ठेवलेला असतो. स्टार्टर मारताना पेडल तळापर्यंत दाबलेलं असेल तर बहुतेक पेट्रोल गाड्यांचा संगणक इंजेक्टर बंद ठेवतो आणि सिलिंडरात साचलेलं जादा पेट्रोल नुसत्या हवेने बाहेर फेकलं जातं. त्या दादाला हे कुठून ठाऊक, कोण जाणे. पण त्याचे आभार मानल्याशिवाय हा लेख पुढे नेता येत नाही.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. लिटरला १७ किलोमीटर देणारी गाडी १२ वर आली. थंड इंजिनाचा निळा दिवा एरवी गावाची वेस ओलांडेपर्यंत विझायचा, तो आता मालवण आलं तरी जळत राही. कधी सगळं ठीक, कधी चढावर मिसिंग, इंजिन मध्येच अडखळायचं. आणि एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा इंजिन-दिवा लागला.

गाडी गॅरेजला दिली. कोणत्या, ते इथे महत्त्वाचं नाही. तिथल्या मेस्त्रीने स्कॅनर मारला आणि म्हणाला, “टेंपरेचर सेन्सर गेलाय. हाय दाखवतंय, म्हणजे इंजिन गरम होतंय. रेडिएटरही साफ करून घ्या.” सेन्सर बदलला, रेडिएटर साफ झाला. मी पैसे दिले आणि जुना सेन्सर मागून घेतला. कागदात गुंडाळून तो गाडीच्या खणात टाकला. (जुना भाग मागून घ्यायचा हे अण्णांचं शिकवणं. त्याचा पुढे एवढा उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.) गाडी चार दिवस सुरेख चालली. पाचव्या दिवशी शाळेच्या आवारात तोच वास, तोच धूर, तोच दिवा.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. सुट्टी लागली होती आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच असते. मल्टिमीटर, तापमापी आणि मगरचिमटे घरी आणले. भाच्याने कुडाळहून काडेपेटीएवढा एक ब्लूटूथ अडॅप्टर आणून दिला. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, १६ पिनांची एक खाच असते, त्यात तो बसवायचा आणि मोबाइलवर वाचायचं. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही खाच सक्तीची झाली. आपल्याकडे प्रदूषण नियमांच्या भारत स्टेज ४ टप्प्यातल्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले दोष आपणच नोंदवायची ही व्यवस्था, एप्रिल २०१३ पासून लागू झाली. माझी गाडी २०१४ ची, म्हणजे तिच्या पोटात काय चाललंय हे विचारायचा रस्ता पहिल्या दिवसापासून उघडा होता. मी तो दहा वर्षं वापरला नाही.

बिघाडाचा कोड आला पी ०११८. याची फोड सोपी आहे. ‘पी’ म्हणजे पॉवरट्रेन, इंजिन आणि गिअरकडचा भाग. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच. त्यापुढचा एक म्हणजे इंधन आणि हवेचा हिशेब. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात. पूर्ण वाक्य असं होतं: इंजिन कूलंट टेंपरेचर सेन्सर सर्किट हाय. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी.

गॅरेजमध्ये या वाक्यातला ‘सेन्सर’ वाचला गेला, ‘सर्किट’ सुटला आणि ‘हाय’चा अर्थ उलटा लागला. माझं सगळं म्हणणं या एका ओळीभोवती आहे, म्हणून इथे जरा थांबते.

कूलंटचा सेन्सर म्हणजे पितळी बोंडात बसवलेला एक थर्मिस्टर. तो स्वतः वीज तयार करत नाही. तापला की त्याचा रोध कमी होतो, गार झाला की वाढतो. गाडीचा संगणक आपल्याकडच्या एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट त्याच्याकडे पाठवतो आणि मध्ये किती व्होल्ट उरले ते बघतो. इंजिन गार असेल तर रोध जास्त, म्हणून व्होल्ट जास्त. इंजिन गरम असेल तर व्होल्ट कमी. म्हणजे ‘हाय’ हे व्होल्टेजबद्दल आहे, तापमानाबद्दल नाही. व्होल्टेज हाय म्हणजे संगणकाच्या लेखी इंजिन गारठलेलं. आणि तार कुठे तुटलीच, तर सगळेच्या सगळे ५ व्होल्ट तसेच उभे राहतात आणि संगणक आपल्या तक्त्याच्या तळाला जाऊन बसतो. तो तळ म्हणजे उणे ४०.

नववीच्या वर्गात मी दर वर्षी विचारते, सेल्सियस आणि फॅरनहाइट कोणत्या आकड्यावर एकमेकांना भेटतात? नऊ-पंचमांशाचं समीकरण मांडलं की उत्तर येतं उणे ४०. इतकी वर्षं हा आकडा माझ्यासाठी फळ्यावरचा होता. त्या सकाळी तो आमच्या फणसाखाली दिसला, आणि तो कुणी मोजलेला आकडा नव्हता. तारेतून काहीच येत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

पंख्याचं कोडंही त्यातच सुटलं. पाण्याचं तापमान कळेनासं झालं की संगणक धोका पत्करत नाही. इंजिन जळण्यापेक्षा पंखा फुकट फिरलेला बरा, म्हणून चावी लागताच तो पंखा लावून देतो. पेट्रोलचंही तसंच. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून जास्त सोडावं लागतं. अण्णांच्या जुन्या स्कूटरला थंडीत चोक ओढावा लागे, तेच काम आता संगणक करतो. मी हे समजावून सांगायला लागले तेव्हा अण्णांनी मध्येच हात वर केला. “म्हंजे कोनीतरी चोक ओढून ठेवलो हा.” मिठबावचा वास, काळा धूर, घटलेलं मायलेज, सगळं या एका वाक्यात बसलं. मला जे सांगायला पंधरा मिनिटं लागली असती ते त्यांनी आपल्या काळाच्या भाषेत सांगून टाकलं.

मग इंजिन चालू केलं. आठ-दहा मिनिटांनी अण्णांनी रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पायपाला हात लावला. थर्मोस्टॅट, म्हणजे तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, उघडेपर्यंत तो पायप कोमट असतो आणि मग एकदम चटका देतो. “इला गरम पाणी,” ते म्हणाले. म्हणजे आत ८० च्या वर कुठेतरी. मोबाइलवर तेव्हा ४४ होते. मग ३१. मग पुन्हा उणे ४०.

“ह्यां खोटां बोलता,” अण्णा म्हणाले. “कान गेले, पन हात आसत मां माझे.”

यातला ४४ मला उणे ४० पेक्षा जास्त घातक वाटतो. उणे ४० धडधडीत खोटं आहे, संगणकालाही ते ओळखता येतं, तो दिवा लावतो. ४४ अंश मात्र शक्य असतात. सकाळी नुकतीच चालू झालेली गाडी ४४ वर असूच शकते. त्यामुळे बहुतेकदा दिवा लागत नाही, कोड पडत नाही, गाडी नुसती पेट्रोल पीत राहते आणि माणूस म्हणतो, गाडी जुनी झाली. माझ्या गाडीचं हे पहिल्या दिव्याच्या आधी किती दिवस चाललं असेल, याचा हिशेब मला लावता आलेला नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर स्वयंपाकघर आमच्या ताब्यात आलं. खणातला जुना सेन्सर, म्हणजे ‘गेलेला’ म्हणून काढून टाकलेला, मी दोऱ्याने पातेल्यात असा टांगला की पितळी बोंड पाण्यात आणि पिना वर. पिनांना मगरचिमटे लावले. अण्णा चष्मा लावून तापमापी वाचत होते आणि मी मल्टिमीटरचा आकडा वहीत लिहीत होते. अण्णा “तीस” म्हणाले तेव्हा १,७०० ओहमच्या आसपास. “चाळीस”ला साधारण १,१७०. “साठ”ला ६००. “ऐंशी”ला ३२०. समुद्रसपाटीवर राहण्याचा एक फायदा असा की पाणी अगदी शंभरालाच उकळतं, वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. उकळी फुटली तेव्हा १९० च्या किंचित खाली. वहीत बिंदू जोडले तर सुरुवातीला झपाझप उतरणारी आणि मग सपाट होत जाणारी देखणी वक्ररेषा आली. कुठे उडी नाही, कुठे अडखळ नाही. पातेलं निवत असताना उलट्या क्रमाने पुन्हा मोजलं. तेच आकडे.

अण्णा बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिले. “ह्यो तर बरो आसा,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “आदी मोजूक व्हया, मगे बदलूक व्हया.”

मला राग आला, आणि तो पैशांचा नव्हता. एका धडधाकट वस्तूला ‘गेली’ म्हणून काढलं होतं आणि तसं म्हणण्याआधी तिला साधा एक प्रश्नही विचारला नव्हता. मल्टिमीटर त्या गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला मी पाहिला होता.

सेन्सर सुटला, मग गुन्हेगार वाटेत कुठेतरी. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना मी नव्या सेन्सरचा कपलर, म्हणजे त्याच्या तारांचा प्लग, काढला. मोबाइलवर उणे ४०. ते बरोबरच होतं, तिथे आता काही जोडलेलंच नव्हतं. मग तांब्याच्या एका छोट्या तारेने कपलरातली दोन टोकं एकमेकांना जोडली. तार नीट असेल तर रोध शून्याजवळ, म्हणजे संगणकाला वाटलं पाहिजे की इंजिन भयंकर तापलंय, १३० च्या वर कुठेतरी. पडद्यावर आले ४७. हाताने वायर किंचित हलवली, १२. अजून हलवली, उणे ४०. सोडली, परत ४७.

सेन्सर त्या वेळी सर्किटमध्ये नव्हताच. जुना ओट्यावर होता, नवा इंजिनात मुका बसला होता, आणि तरी गाडी खोटं बोलत होती. नऊशे-हजार ओहम कुठून तरी मध्ये घुसले होते. वहीतल्या वक्ररेषेवर ते ठेवून पाहिले. ८० अंशांचे ३२० अधिक नऊशे, म्हणजे जवळजवळ ४० अंशांचा आकडा. पायप चटका देत असताना मोबाइलवर चाळिशीतले आकडे का येत होते ते कळलं.

एक सांगून ठेवते, कारण कुणीतरी हे वाचून बॉनेट उघडेल. दोन टोकं जोडून बघण्याचा हा प्रयोग फक्त अशा दोन तारांच्या तापमान सेन्सरसाठी. तीन तारांच्या सेन्सरवर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर, थ्रॉटलचा सेन्सर, असलं काही करू नका. तिथली एक तार सरळ ५ व्होल्टची असते, ती जमिनीला टेकली तर तिच्यावर बसलेले बाकीचे सेन्सरही एका दमात आंधळे होतात.

कपलर उजेडात धरला. अण्णांनी भिंग आणलं. दोनांपैकी एका पिनेच्या मुळाशी हिरवट-निळसर भुकटी होती, मोरचुदासारखी. त्याच तारेभोवतीचं रबरी बूच कडक होऊन फाटलं होतं. “अगो, ह्यां कळकलां!” अण्णा म्हणाले.

हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात तो रोजचा होता. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक किंवा सोलकढी राहिली की ती कळकायची, चव जायची, हिरवट झाक यायची, आणि ती कुणाला प्यायला मिळायची नाही. मग कल्हईवाल्याची वाट बघायची. तो अंगणात खड्डा करून भाता लावायचा, भांडं लालसर तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने असा फिरवायचा की काळं भांडं बघता बघता चांदीसारखं व्हायचं. आम्ही पोरं नाक दाबून तिथेच उभी. नवसागर धातूवरचा मळ उडवतो आणि म्हणून कथील धरतं, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

मोटारीच्या कपलरातल्या पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांच्यावर बहुतेक ठिकाणी कथलाचाच पातळ थर असतो. कल्हईच ती. काम तेच, तांब्याला हवेपासून आणि आंबटखारटापासून वाचवायचं. इंजिनाच्या थरथरीने या पिना एकमेकींवर सतत केसाएवढ्या घासत राहतात. कथील झिजतं, झिजलेल्या कणांचा गंज मध्ये साचतो, आणि खालचं तांबं उघडं पडतं. पुण्यात हे व्हायला किती वर्षं लागत असतील ती लागोत. आमच्याकडे त्या उघड्या तांब्याची वाट बघत समुद्र बसलेला असतो.

खाऱ्या वाऱ्याचं गणित साधं आणि निर्दय आहे. लाटा फुटतात, तुषारांतलं पाणी उडून जातं, मिठाचे बारीक कण वाऱ्याबरोबर आत येतात आणि प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही पाणी धरतात. म्हणून आमच्याकडे पाऊस नसला तरी रात्री वस्तू ओल्याच असतात. खिडकीचे गज पापुद्रे सोडतात. प्रयोगशाळेतल्या लोखंडी स्टँडांना मी दर दिवाळीत रंग देते. मासळी वाहणाऱ्या टेम्पोंचं तर विचारूच नका, वरून खारा वारा आणि खालून बर्फाचं खारं पाणी, त्यांच्या हौद्याकडे बघवत नाही. आणि अशा ओलसर खारट थराखालून वीज वाहत असेल, भले ५ व्होल्टच का असेनात, तर गंज दुप्पट हौसेने कामाला लागतो.

मग चार दिवस गाडी का सुधारली होती? हे मला कळलं तेव्हा मी ओट्यापाशी खरोखर थांबून राहिले. सेन्सर बदलताना कपलर काढावा लागतो आणि परत बसवावा लागतो. त्या काढण्या-घालण्यात पिना घासल्या जातात, वरचा गंज खरवडला जातो, धातूला धातू लागतो. गाडी बरी होते. श्रेय नव्या सेन्सरला मिळतं. चार दिवसांनी गंज परत धरतो, तोवर जुना सेन्सर भंगारात गेलेला असतो आणि त्याला विचारायची सोय राहिलेली नसते. कोकणातल्या किती गाड्यांचे किती चांगले सेन्सर या वाटेने गेले असतील, या विचाराने मी अजूनही अस्वस्थ होते. मेस्त्री खोटारडे नसतात. गाडी त्यांच्यासमोर बरी झालेली असते, त्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली असते.

अण्णा तोवर फडताळाकडे वळले होते. “सोलांनी घासूया काय?” त्यांनी विचारलं. आमच्याकडे तांब्या-पितळेची भांडी सोलांनीच लख्ख होतात.

“नको अण्णा. सोलांत मीठ आसता. तां आतच रवतलां.”

त्यांनी मान डोलावली. कळशी घासून विहिरीच्या पाण्याने खळखळून धुता येते. कपलरच्या भोकात ते पाणी जात नाही आणि गेलं तर निघत नाही.

कपलर नवाच घालायचा ठरलं. जुन्याच्या मागची तार सोलायला घेतली तर आतलं तांबं काळं. अजून बोटभर सोललं, तरी काळं. तिथेच आवरणावर एक बारीक भोक दिसलं, सुईचं. कधीतरी कुणीतरी टेस्टिंग बल्बची सुई तारेत टोचून करंट आहे का ते पाहिलं होतं. तेव्हा गाडीला काय झालं होतं, मला आठवत नाही. सुई काढली, भोक राहिलं. त्या भोकातून आणि फाटलेल्या बुचातून खारं पाणी आत शिरलं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं तांब्याच्या तंतूंमधून चढत गेलं. दोष शोधायलाच टोचलेली सुई होती ती. समुद्राजवळ राहणाऱ्या प्रत्येक मेस्त्रीला मला हात जोडून सांगायचंय, तार टोचू नका. कपलरच्या मागून, बुचाच्या कडेने, बारीक टाचणी सरकवली तरी तोच व्होल्टेज मिळतो. टोचलीच तर निदान ते भोक बुजवा.

लालसर लख्ख तांबं लागेपर्यंत कापत गेलो, चार बोटं तार गेली. कुडाळच्या दुकानात वायरीसकट नवा कपलर मिळाला, दीडशे रुपये. तारा जोडायला कथलाचा डाग अण्णांनी दिला. हात थोडा कापतो आता, पण डाग देताना मनगट त्यांनी मडगार्डवर टेकवून ठेवलं आणि कथील तारेत असं शिरलं की वरून गुठळी दिसली नाही. दोन्ही तारांचे सांधे त्यांनी एकासमोर एक न ठेवता पुढेमागे ठेवले. वर आतून गोंद असलेली, तापवली की आकसून घट्ट बसणारी हीटश्रिंक नळी, बुचाला सिलिकॉनचं ग्रीस. शेवटी त्यांनी वायर कपलरच्या खाली थोडी झोळ देऊन बांधली. “पाऊस इलो तर पानी ह्या झोळार थेंबान गळतला, कपलरात जावचा नाय.” हे कोणत्याही स्कॅनरवर येत नाही.

कोड पुसला. रात्री मुद्दाम गाडी चालवली नाही. यामागे एक युक्ती आहे आणि ती मला सगळ्या शोधात सर्वांत आवडलेली गोष्ट. इंजिनात पाण्याचं तापमान मोजणारा एक सेन्सर असतो आणि आत येणाऱ्या हवेचं मोजणारा वेगळा. चालत्या गाडीत दोघांचे आकडे वेगळेच असणार, म्हणून कोण खरं ते सांगता येत नाही. पण गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिन, पाणी, हवा, सगळं निवून एका तापमानाला येतं. पहाटे, इंजिन चालू करण्याआधी, दोन्ही सेन्सरांनी एकच गोष्ट सांगायला हवी.

साडेपाचला उठले. अण्णा आधीच पायरीवर होते. पडवीतली तापमापी २७. अडॅप्टर लावला, चावी ‘ऑन’पर्यंत फिरवली. पंखा फिरला नाही. हवा २८. पाणी २७.

“किती?” अण्णांनी विचारलं. मी बोटांनी दाखवलं, दोन आणि सात. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली, आले, आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी इंजिन चालू केलं. आकडे चढायला लागले, ३०, ३४, ४१. मी एकेक आकडा मोठ्याने वाचत होते आणि त्यांना तो ऐकू येत नव्हता. आठव्या मिनिटाला त्यांनी वरच्या पायपाला हात लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पडद्यावर तेव्हा ८४ होते.